आत्याची पत्र्याची पेटी आणि पंधरा हजारांचा लॉट

वाचक लिहितात:

‘माझी आत्या नाशिक रोडला शाळेत शिक्षिका होती. तिने लग्न केलं नाही. गेल्या वर्षी ती गेली आणि तिची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. पेटीत सोनं नाही. तीन ब्रोच आहेत, त्यातल्या एकाच्या मागे ‘वेस्ट जर्मनी’ असं उमटवलंय. सप्तरंगी चमकणाऱ्या खड्यांचे चापाचे टॉप्स, लाल मण्यांची माळ, एक जाड पिवळं कडं, काळी पडलेली ठुशी आणि मोत्यांची नथ. हे सगळं हाताळता हाताळता मला जुन्या इमिटेशन दागिन्यांचा नादच लागला. संग्रह करावासा वाटतो. महिन्याला दोनेक हजार बाजूला काढता येतील. इन्स्टाग्रामवर एक जण ‘गॅरंटीड युरोपियन विंटेज’ म्हणून चाळीस नगांचा लॉट पंधरा हजारांना देतोय, रविवारपर्यंत सांगा म्हणतो. नवरा म्हणतो, खोट्यात पैसे घालण्यापेक्षा सोन्याचं नाणं घे. सासूबाई म्हणतात, गेलेल्या माणसाचं अंगावर घालू नये. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक.’

आधी रविवारचा प्रश्न मिटवून टाकू. तो लॉट घेऊ नका.

चाळीस नग एकगठ्ठा विकणाऱ्याने त्यातले बरे नग आधीच वेगळे काढून सुटे विकलेले असतात. उरतो तो भरणा. त्यात चार जुने, दहा तुटके आणि बाकीचे हल्लीचेच, मुद्दाम काळपटवलेले. ‘रविवारपर्यंत’ हेही कारणाशिवाय नाही. माल खरा असेल तर तो पन्नास-साठ वर्षं टिकलाय, पुढच्या रविवारपर्यंतही टिकेल. आणि हिशेब बघा: पंधरा हजार म्हणजे तुमच्या साडेसात महिन्यांची तरतूद, तीही अशा वस्तूंवर ज्या तुम्ही हातात धरलेल्या नाहीत. फारच जीव अडकला असेल तर त्याला प्रत्येक नगाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. या छंदात दागिना उलटा करून बघतात. पिन कशी बसवली आहे, शिक्का आहे का, डाग देऊन कुठे जोडलं आहे, मुलामा कुठे झिजला आहे, सगळं मागे असतं. मागचे फोटो देतो म्हणाला तर एखादा नग सुटा घ्या. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

आता पेटी उघडू, कारण तुम्हाला शिकायला लागेल तेवढं बरंचसं त्या पेटीतच आहे.

‘वेस्ट जर्मनी’वाला ब्रोच घ्या. पश्चिम जर्मनी हा देश १९४९ ते १९९० एवढाच काळ होता, म्हणजे तुमचा ब्रोच त्याच काळातला. देशाच्या नावाने काळ ठरवणं हा या छंदातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात भरवशाचा उपाय. ‘ऑक्युपाइड जपान’ असं लिहिलेलं सापडलं तर ते दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या अमलाखाली होता तेव्हाचं, १९५२ च्या आधीचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ नंतरचं आणि १९९२ पर्यंतचं. या चेक मालाशी आपलं नातं जुनं आहे. बोहेमियातलं याब्लोनेत्स हे गाव, जर्मन लोक त्याला गाब्लोन्झ म्हणत, काचेचे मणी आणि खोटे दागिने करण्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. हिंदुस्थानी बायकांसाठी काचेच्या बांगड्या तिथे बनून जहाजाने येत. आपल्या पणज्यांच्या हातात किणकिणलेल्या कितीतरी बांगड्या फिरोजाबादच्या नव्हत्या, बोहेमियाच्या होत्या. १९४५ नंतर तिथल्या जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवलं, तेव्हा त्यातले बरेच कारागीर बव्हेरियात काउफबॉयरनजवळ वसले. त्यांनी वस्तीचं नाव ठेवलं नॉयगाब्लोन्झ आणि तोच धंदा पुन्हा उभा केला. आत्याचा ब्रोच तिथलाच आहे असं मी म्हणणार नाही, पश्चिम जर्मनीत दागिन्यांची इतरही गावं होती. पण त्या काळात परदेशी चैनीच्या वस्तूंची आयात आपल्याकडे जवळजवळ बंद होती, तेव्हा हा ब्रोच नाशिक रोडपर्यंत कुणी आणला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आजच विचारा.

चापाच्या टॉप्सचे सप्तरंगी खडे म्हणजे ‘अरोरा बोरियालिस’. काचेच्या खड्यावर धातूच्या वाफेचा अतिशय पातळ थर देऊन ही झळाळी आणतात. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्की कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यावर ती आणली. म्हणून तसे खडे असलेला दागिना कुणी ‘१९३० चा’ म्हणून विकायला आला तर हसून निरोप द्यावा. टॉप्स फडक्याने घासू नका, तो थर ओरखड्याने जातो. पाण्यातही बुडवू नका. अशा खड्यांच्या पाठीला बहुतेकदा चमकता वर्ख असतो. त्याच्यामागे ओल शिरली की खडा पिवळट, आंधळा होतो आणि तो पुन्हा उजळत नाही.

लाल माळ काचेची आहे का प्लॅस्टिकची, हे गालाला लावून बघा. काच गार लागते, दाताला हलकेच टेकवली तर टक्क वाजते. प्लॅस्टिक लगेच अंगाइतकं कोमट होतं आणि बोदं वाजतं. दोरा कुजला असेल तर माळ पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या, दर दोन मण्यांमध्ये गाठ मारायला सांगा, म्हणजे पुढेमागे तुटली तरी एकच मणी पळेल. जुना फासा मात्र फेकू देऊ नका. हल्ली प्रत्येक साखळीला खेकड्याच्या नांगीसारखा जो फासा असतो, तो चाळीस-पन्नासच्या दशकातल्या म्हणवणाऱ्या हाराला दिसला की समजावं, एक तर फासा बदललाय, नाहीतर हारच नवा आहे.

पिवळं कडं मला सगळ्यात जास्त खुणावतंय. ते बॅकेलाइटचं असू शकतं. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये अमेरिकेत ते तयार केलं, पूर्णपणे कृत्रिम असं पहिलं प्लॅस्टिक. आपल्या जुन्या घरांतली काळी गोल बटणं आणि कुकरचे काळे दांडे याच जातकुळीचे. दागिन्यांसाठी त्याचा रंगीत अवतार वापरत, त्याची बहर मुख्यतः १९३० च्या दशकातली. कडं नळाच्या कडक गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा आणि लगेच हुंगा. कार्बोलिकसारखा, दवाखान्यासारखा उग्र वास आला तर बॅकेलाइट असण्याची शक्यता चांगली. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, ते बॅकेलाइटहून जुनं आणि वजनाला हलकं. जोडावर साच्याची रेघ दिसत असेल तर बॅकेलाइटची आशा सोडा, जुनी कडी नळीतून कापून, घासून बनवत. इंटरनेटवर तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला जागोजागी दिसेल, तो अजिबात मानू नका. सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. आणखी गंमत म्हणजे बॅकेलाइटचा वरचा थर हवेने पिवळा पडतो, त्यामुळे तुमचं लोण्याच्या रंगाचं कडं मुळात पांढरंशुभ्रही असेल.

आणि जर ते ना बॅकेलाइट, ना सेल्युलॉइड, तर भिंगातून बारीक जाळीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात का बघा. तसं दिसलं तर ते हस्तिदंत असू शकतं आणि मग ते विकायचं नाही, त्याला जोड म्हणून दुसरं घ्यायचंही नाही. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. जुन्या बाजारात ‘आजीच्या काळचं आहे’ म्हणून हळूच पुढे करणारे भेटतात. हात मागे घ्या.

ठुशी आणि नथ यांना अजून काही करू नका. या दोन वस्तू घेऊन आधी सराफ बाजारात जा. काळं पडणं चांदीचंही लक्षण आहे. पितळ किंवा तांबं असतं तर बहुधा कुठेतरी हिरवा कळंक दिसला असता. तुमची ठुशी चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली असू शकते. ओळखीच्या सराफाला सांगा, कसोटीवर घासू नका, मशीनवर टंच, म्हणजे धातू किती शुद्ध आहे ते, काढून द्या. कसोटी म्हटलं की मुलामा खरवडला जाणार. नथीतले मोती तर नक्की दाखवा. जुन्या मराठी घरांतून बसऱ्याचे अस्सल मोती खोट्या दागिन्यांच्या डब्यात पडलेले असतात, कारण ते बारीक आणि वेडेवाकडे दिसतात, आणि डोळे सरावलेत एकसारख्या टपोऱ्या खोट्या मोत्यांना. घरच्या घरी बघायचं तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे किंचित खरखरतात, खोटे गुळगुळीत सरकतात. भोकाजवळ भिंग लावा. खोट्या मोत्याचा लेप तिथे उडालेला असतो आणि खाली काच दिसते.

भिंग म्हणाल तर दहापटीचं, घडीचं, सराफ वापरतात तसं. काही शेकड्यांत मिळतं. तुमच्या पहिल्या महिन्याच्या दोन हजारांतून तेवढंच घ्या आणि उरलेले पैसे तसेच ठेवा.

खरा प्रश्न पुढे आहे: कशाचा संग्रह? ‘जुने इमिटेशन दागिने’ हा विषय अथांग आहे. तुम्ही आज फोनवर शोध घ्यायला बसलात तर अमेरिकेची मोठी नावं दिसतील, ट्रायफारी, कोरो, मिरियम हॅस्केल, आयझेनबर्ग. त्यांचे जाणकार आहेत, पुस्तकं आहेत, शिक्क्यांच्या जंत्र्या आहेत. अभ्यासाला हे फार छान आहे. ट्रायफारीकडे आल्फ्रेड फिलिप हा मुख्य रचनाकार १९३० पासून होता आणि त्याने खऱ्या हिऱ्यांच्या दागिन्यांची कसब काचेवर वापरली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीने १९५३ च्या शपथविधीच्या समारंभाला मुद्दाम ट्रायफारीचे खोटे मोती घातले होते. १९५५ मध्ये तिथल्या न्यायालयाने खोट्या दागिन्याच्या रचनेलाही कॉपीराइट मिळतो असं ठरवलं, म्हणून ट्रायफारीच्या शिक्क्याशेजारी वर्तुळातलं ‘सी’ दिसलं की तो नग त्यानंतरचा मानतात. युद्धाच्या काळात कथलासारखे धातू लष्कराकडे वळले, तेव्हा हेच कारखाने चांदीवर सोन्याचं पाणी देऊन ब्रोच करू लागले, म्हणून १९४० च्या दशकातल्या काही नगांवर ‘स्टर्लिंग’ असतं. वाचायला रंजक आहे ना? वाचाच. पण नाशिकमध्ये बसून ते विकत घेणं म्हणजे परदेशातून मागवणं. टपालखर्च आणि कस्टमची ड्यूटी मिळून पुष्कळदा मूळ किमतीच्या पुढे जाते, आणि खोट्या दागिन्यावर खोटा शिक्का मारून विकणारेही आहेत. खोट्यातलं खोटं ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

माझं म्हणणं वेगळं आहे. ट्रायफारीचा ब्रोच जगात हजारो कपाटांत जपून ठेवलेला आहे. नाशिकच्या एका शिक्षिकेने १९६२ साली शाळेच्या स्नेहसंमेलनाला पदरावर लावलेली गिलिटाची साडीपिन कुणी जपली आहे? आपल्या घरांनी सोनं लॉकरमध्ये ठेवलं, चांदी मोडीत घातली आणि खोटं ते पोरींना नाच करायला दिलं. नंतर ते बोहारणीच्या टोपल्यात गेलं. म्हणून आपल्याकडचं जुनं खोटं हेच खरं दुर्मीळ. तुमच्याकडे तीन ब्रोच आहेत. त्यांच्या मागे लागा. पदराचे ब्रोच आणि साडीपिना, १९५० ते १९७५, नाशिक आणि आसपासच्या घरांतल्या. एवढाच विषय घ्या, निदान पहिली दोन वर्षं तरी. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी पुढे कधीतरी बघा.

ब्रोच निवडायला आणखी एक कारण आहे. त्या काळातल्या फोटोंमध्ये ते दिसतात. नाशिकमधल्या कुठल्याही घरातला लग्नाचा किंवा शाळेतल्या शिक्षकवृंदाचा काळा-पांढरा फोटो काढा, डाव्या खांद्यावर काहीतरी चमकत असतं. फोटो आणि वस्तू अशी जोडी जमली तर तिच्या तोडीचा पुरावा नाही.

आणि तो काळही विचार करण्यासारखा आहे. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली. बावीस कॅरेटच्या पिवळेपणाला सरावलेल्या आपल्या समाजाला तो मोठा धक्का होता. हजारो सुवर्णकारांचं काम गेलं. चौदा कॅरेटचा नियम पुढे सैल झाला, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोन्याच्या व्यवहारावर सरकारी नजर राहिली. तुमची आत्या त्याच काळात कमावती होती. पगार हातात असलेली, लग्न न केलेली बाई. तिने दागिना घेतला तो स्त्रीधन म्हणून नाही, स्वतःला आवडला म्हणून. मला तर ती पेटी या एवढ्यासाठीच मोलाची वाटते.

शोधायचं कुठे? सराफ बाजारात, पण शोकेससमोर नाही. सराफांकडे लोक जुना दागिना मोडायला आणतात, तो खोटा निघतो आणि काही जण तो तिथेच टाकून जातात. ओळख वाढली की ‘असलं काही आलं तर मला सांगा’ म्हणून ठेवा. मेन रोड आणि रविवार कारंजाच्या आसपासच्या जुन्या कटलरीच्या दुकानांत पडून राहिलेल्या मालाची चौकशी करा. पुठ्ठ्यावर टाचलेल्या, कधीच न विकल्या गेलेल्या पिना हाती लागल्या तर पुठ्ठा फाडू नका, तोच त्यांचा जन्मदाखला. किंमत आण्यांत असेल तर माल बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून दशमान पैसे आले. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा. परदेशी संग्राहकांच्या जंत्र्यांत यातलं काहीच सापडणार नाही, आणि आपल्याला मात्र ते आयतं वाचता येतं.

ड्रेपरीवाल्यांना विसरू नका. संमेलनं, नाटकं, फॅन्सी ड्रेस यांना कपडे-दागिने भाड्याने देणाऱ्या जुन्या दुकानांत पत्र्याच्या ट्रंका असतात, तळाला काय आहे ते मालकालाही आठवत नसतं. नाटकाच्या दागिन्याचं काम मागून कच्चं असलं तरी पुढून देखणं असतं. देवळाली कॅम्पात जुने बंगले रिकामे होताना सामान निघतं, तिथे मात्र परदेशी नगही भेटू शकतात. ओळखीच्या माणसाकरवी जा, दुःखात असलेल्या घरी थेट दार वाजवू नका. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार हे सहलीसारखे करा, तिथे गेलात की घ्यायलाच हवं असा नेम नको.

रामकुंडाच्या परिसरातलं ‘अँटिक’ मात्र सोडून द्या. यात्रेकरूंसाठी काळवलेला माल आहे, आता सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणजे तो वाढणारच. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर जाल तेव्हा भाजी घ्या.

वस्तू घरी आली की वहीत नोंद करा. कुणाची होती, कुणी दिली, कुठल्या गल्लीतून आली, काय दिलं, मागे काय लिहिलंय, आणि पुढून-मागून फोटो. सांगणारी बाई बोलायला लागली तर तिचेच शब्द लिहून घ्या, ‘हे माझ्या जावेनं मुंबईहून आणलं होतं आणि मला दिलं नव्हतं’ यासकट. नोंद नसलेला ब्रोच हा नुसता ब्रोच. ही वही तुम्हाला वर्षभरात तज्ज्ञ करेल, मी नाही.

कायद्याचं एक सांगून ठेवते. पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. तुम्ही पन्नास-साठच्या दशकांत राहिलात तर त्याचा तुम्हाला जाच नाही.

आता जपणूक. इथे बहुतेक जण हौसेने वाटोळं करतात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही मुलाम्याला लावायचं नाही. मुलामा केसाहूनही पातळ असतो, एकदा चमकवलात की खालचं पितळ वर. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, किंचित ओलसर मलमलीने पुसा, लगेच वाळवा, बस्स. सराफ बाजारात कुणी म्हणेल, ‘ताई, चारशे रुपयांत पाणी चढवून देतो, नव्यासारखं होईल.’ नव्यासारखं होईल हे खरंच आहे, म्हणूनच नको. जुन्या झिलईची झीज हा त्या वस्तूचा वापराचा इतिहास आहे, आणि संग्राहकांच्या बाजारातही नव्याने पाणी दिलेल्या नगाची किंमत उतरते. तुटलेली पिन बसवणं, माळ गाठवणं, सैल खडा दाबून घेणं एवढ्या दुरुस्त्या जरूर करा.

हिरवा कळंक दिसला की तो नग तत्काळ वेगळा. तो शेजारच्या वस्तूंना लागतो. दातकोरण्याने हलकेच खरवडा, कोरडाच. पावसाळ्यात पत्र्याची पेटी वापरू नका. आतून घाम सुटतो आणि गंजाचे डाग पडतात. झाकणाचा डबा, प्रत्येक नग धुतलेल्या जुन्या मलमलीत स्वतंत्र गुंडाळलेला, आणि औषधांच्या बाटल्यांत येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. डांबराच्या गोळ्या तर अजिबातच नकोत, काही जातींचं प्लॅस्टिक त्यांनी मऊ आणि चिकट होतं. सेल्युलॉइड निघालंच तर त्याला वेगळी, हवेशीर जागा द्या. ते कुजताना जो वायू सोडतं त्याने बाकीचे धातू खराब होतात.

यजमानांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. ही गुंतवणूक नाही. याला मोडीचा भाव नाही, यावर कर्ज मिळत नाही, अडीअडचणीला हे उपयोगी पडणार नाही. त्यांना तसंच सांगा आणि घरखर्चातल्या ‘हौस’ या रकान्यात लिहा, त्यांच्या क्रिकेटच्या वर्गणीशेजारी. सोन्याचं नाणं घ्यायचं असेल तर तेही घ्या, वेगळ्या पैशांनी. दोन हजार महिना हा आकडा चांगला आहे, तो वाढवू नका. पैसे कमी असले की माणूस नीट बघतो. उरले तर पुढच्या महिन्यात ओढा, त्यातून कधीतरी एक खरोखर चांगला नग येईल.

सासूबाईंना मी काही समजावणार नाही, पण तुम्ही एक निरीक्षण करा. आजेसासूबाईंच्या पाटल्या, गोठ, मोहनमाळ घरात आहेत का? त्या घालताना कुणाला गेलेल्या माणसाचं काही वाटतं का? सोन्याला मरण लागत नाही, पितळेला लागतं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. वाद घालू नका. उलट त्यांनाच विचारा, ‘आई, तुमच्या लग्नात कोणकोणतं खोटं होतं?’ थोडा वेळ त्या ‘काहीही नव्हतं’ म्हणतील. मग एखाद्या दुपारी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काहीतरी खाली येईल. त्या वहीत त्यांचं पान आधी लिहा. मनात शंका असेल तर आत्याचं काहीच अंगावर घालू नका, संग्रह बघायलाही असतो.

घालायचंच ठरलं तर दोन गोष्टी. चापाचे टॉप्स तासाभराच्या वर ठेवू नका, कानाची पाळी दुखते आणि जुना चाप सैल पडतो. तो चिमट्याने आवळायला गेलात की मोडतो, तेव्हा चापाच्या आतल्या बाजूला पातळ रबराचा तुकडा लावा, घालून झालं की काढून टाका. आणि या धातूंत निकेल असतं, स्वस्त मालात शिसंही. अंगाला खाज सुटली तर त्वचेकडच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचा हात देणारे आहेत. रोजच्या वापरातल्या नव्या इमिटेशनला ते चालेल, आत्याच्या नगांना लावू नका. घरात लहान मूल असेल तर यातलं काहीही त्याच्या तोंडापर्यंत जाणार नाही एवढ्या उंचीवर डबा ठेवा. ब्रोच मात्र साडीवर बिनधास्त लावा, कॉटनच्या. रेशमाला जुन्या जाड पिनेने भोक पडतं.